सापडलेलं पाकीट परत कसं करावं : नवशिक्यांसाठी सात पाठ आणि स्वाध्याय

प्रस्तावना

पाकीट मारण्याच्या धंद्यात गुरू असतो, उमेदवारी असते, बोटांना वळण लावून घेण्याची सोय असते. सापडलेलं पाकीट परत करण्याचं शिक्षण मात्र कुठेच मिळत नाही. शाळेत एकदाच काय ती तोंडओळख होते. मैदानात कुणाचं तरी शार्पनर सापडतं, आपण पळत जाऊन ते बाईंकडे देतो, दुसऱ्या दिवशी परिपाठात बाई आपलं नाव घेतात आणि तीनशे पोरं टाळ्या वाजवतात. त्या एका शार्पनरच्या पुण्याईवर माणूस पुढची साठ वर्षं काढतो. मोठेपणी रस्त्यात पाकीट दिसलं की तो वाकून उचलतो, ताठ उभा राहतो आणि बाईंना शोधायला लागतो.

बाई नसतात. तिथून पुढचा अभ्यासक्रम या पुस्तिकेत दिला आहे.

प्रस्तुत लेखकाने आजवर एक पाकीट, एक मोबाईल आणि एक आंब्याची पेटी मालकापर्यंत पोहोचवली आहे. या तिघांपैकी एकाच मालकाशी त्याचं अजून बोलणं आहे. एवढा अनुभव मार्गदर्शनाला पुरेसा आहे.

साहित्य

सापडलेली वस्तू, एक. साक्षीदार, दोन, शक्यतो एकमेकांशी न भांडणारे. स्वतःच्या आधार कार्डाची झेरॉक्स, दोन प्रती. चार्ज असलेला मोबाईल. सुट्टीचा पूर्ण दिवस. चहाचे पैसे. अपमान न वाटून घेण्याची तयारी, लागेल तशी.

पाठ पहिला : उचलावं की नाही

सर्वांत महत्त्वाचा निर्णय कंबरेत वाकण्याआधी घ्यायचा असतो. पाकीट रस्त्यात पडलेलं असेपर्यंत तुमचा त्याच्याशी संबंध नाही. तुम्ही त्याला वळसा घालून भाजी आणायला जाऊ शकता. तुमच्या आधी चाळीस माणसं तशीच गेलेली असतात. पण एकदा उचललंत की १८७२ चा भारतीय करार कायदा तुमच्या मानेवर बसतो. त्याच्या ७१ व्या कलमानुसार, दुसऱ्याची वस्तू सापडून ती ताब्यात घेणाऱ्यावर सांभाळायला दिलेली वस्तू ठेवणाऱ्याइतकीच जबाबदारी येते. म्हणजे तुमचा सूट ठेवून घेणारा लाँड्रीवाला आणि तुम्ही, दोघं एका पंक्तीला. फरक इतकाच की लाँड्रीवाल्याला गिऱ्हाईक माहीत असतं आणि पैसे मिळतात.

सांभाळायचं तरी किती? १५१ वं कलम सांगतं, सर्वसाधारण शहाणा माणूस स्वतःची तशी वस्तू जितकी जपेल तितकी. इथे लेखकाने आशेने विचार करून पाहिला होता, की आपण स्वतःच्या छत्र्या दर पावसाळ्यात दोन या दराने विसरतो, तर दुसऱ्याची छत्रीही त्याच मापाने विसरायला हरकत नसावी. हरकत आहे. कायद्याला सर्वसाधारण शहाणा माणूस अभिप्रेत आहे, लेखक नव्हे. असा माणूस कुठे राहतो हे कायद्यात दिलेलं नाही.

फौजदारी बाजूही पाहून घ्या. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. दुसऱ्याची वस्तू अप्रामाणिकपणे स्वतःची करून टाकणं हा तिच्या ३१४ व्या कलमाखाली गुन्हा आहे. शिक्षा किमान सहा महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं, वर दंड. हे कलम समजावून सांगायला कायद्याने काही छोट्या गोष्टी दिल्या आहेत. त्या इसापनीतीपेक्षा रुक्ष असल्या तरी जास्त उपयोगी आहेत. त्यांतल्या दोन पात्रांना आपण क आणि य म्हणू. य हा जन्मभर वस्तू पाडत फिरतो. क त्याच्या मागून चालतो.

क ला हमरस्त्यावर एक रुपया सापडतो. तो कुणाचा, हे त्याला माहीत नाही. क रुपया उचलतो. गुन्हा नाही. क ला मौल्यवान अंगठी सापडते आणि मालक शोधायचा काहीही प्रयत्न न करता तो ती लगेच विकतो. गुन्हा. य च्या खिशातून पाकीट पडताना क ला दिसतं, तो ते परत करायच्या विचारानेच उचलतो, आणि नंतर त्याचा विचार बदलतो. गुन्हा. या शेवटच्या गोष्टीत फार खोल अर्थ आहे. उचलताना तुम्ही सज्जन होतात, याची नोंद कुठेही होत नाही. घरी जाऊन जेवल्यावर तुम्ही कोण आहात, ते विचारलं जातं.

*हे नेहमी लक्षात ठेवा :* स्टेशनवर, गाडीत किंवा गर्दीच्या जागी बेवारस बॅग, डबा, ट्रान्झिस्टर दिसला तर वरचा सगळा पाठ विसरा. हात लावू नका, लांब व्हा, पोलिसांना कळवा. घोषणा करणाऱ्या बाई जे सांगतात ते ऐका. त्या एकाच बाई मोठेपणीही आपल्या वाट्याला आलेल्या आहेत.

पाठ दुसरा : आजूबाजूचे लोक

लेखकाला पाकीट सापडलं ते स्वारगेटजवळच्या एका बसथांब्यावर, रविवारी सकाळी. तपकिरी, पोट फुगलेलं, कडेची शिवण उसवलेलं. लेखकाने ते डोक्यावर धरून विचारलं, "हे पाकीट कुणाचं आहे?"

ही चूक नवशिक्यांनी करू नये. असं विचारल्यावर माणसाचे तीन प्रकार होतात. पहिला म्हणतो, "माझं." दुसरा म्हणतो, "त्याचं कसं? माझं." तिसरा काहीच म्हणत नाही. तो तुमच्याकडे बघत राहतो आणि थोड्या वेळाने शेजारच्याला सांगतो, "आत्ता दाखवतोय. मघाशी काहीतरी काढलं यानं त्यातून."

योग्य पद्धत अशी. वस्तू खिशात ठेवा. मग सहज विचारा, "कुणाचं काही हरवलंय का?" हरवलेला माणूस ओळखायला सोपा असतो. तो दोन्ही हातांनी स्वतःला चापपत असतो, चापपलेला खिसा पुन्हा चापपतो आणि शेवटी शर्टाच्या वरच्या खिशातही बघतो, जिथे पाकीट मावणं शक्यच नसतं. असा कुणी नसेल तर वस्तूचं वर्णन जाहीर करू नका. रंग त्याने सांगायचा, आत काय आहे ते त्याने सांगायचं, तुम्ही फक्त मान हलवायची. तोंडी परीक्षेत प्रश्नपत्रिका वाटत नाहीत.

पाठ तिसरा : पाकीट उघडणे

एकट्याने उघडू नका. पोलीस पंचनाम्याला दोन पंच घेतात, त्यामागे शतकभराचं शहाणपण आहे. लेखकाने रसवंतिगृहाचे मालक आणि तिथेच बसलेले एक निवृत्त गृहस्थ, असे दोन पंच नेमले. निवृत्त गृहस्थांनी पंच होण्याआधी तिघांसाठी रस मागवला. पैसे लेखकाने दिले. या खर्चाचं पुढे काय होतं, ते पाठ सहाव्यात येईल.

मराठी पाकिटात पैसे कमी आणि चरित्र जास्त असतं. आमच्या पाकिटातून निघालेला ऐवज असा : रोख एक हजार तीनशे चाळीस रुपये. गजानन महाराजांचा फोटो, मागच्या बाजूला कॅलेंडर, साल उलटून गेलेलं. अंगाऱ्याची पुडी. आधार कार्डाची लॅमिनेट केलेली झेरॉक्स. पासपोर्ट साइझ फोटो दोन, त्यांतला एक बाईंचा. विमा एजंटाचं कार्ड. आहेराच्या पाकिटावरून सुटलेलं एक रुपयाचं नाणं. औषधाच्या दुकानाचं बिल, चार घड्यांचं.

आता मालक शोधायचा. आधार कार्डावर बारा आकडे असतात आणि त्यांतला एकही लावायचा फोन नंबर नसतो. पत्ता असतो, पण तो मालक जिथून निघून आला तिथला. आमच्या मालकाचा पत्ता मराठवाड्यातल्या एका गावचा होता. पाकीट पुण्यात पडलं आणि माणूस कागदोपत्री अजून गावीच राहत होता. विमा एजंटाला फोन लावला तर त्याने मालकाविषयी काही सांगितलं नाही, पण लेखकाचं वय विचारून घेतलं. तो अजून दर महिन्याला फोन करतो.

शेवटी कामाला आलं ते औषधाचं बिल. औषधवाल्याला रक्तदाबाच्या गोळ्या घेणारी माणसं नावानिशी ठाऊक असतात. कुणाला किती उधार आहे, हेही. म्हणून सापडलेल्या पाकिटात देवाच्या फोटोआधी मेडिकलचं बिल शोधावं.

पाठ चौथा : फोन करणे

नंबर मिळाला की अर्धं काम झालं, असं वाटतं. खरी अडचण इथून सुरू होते. अनोळखी नंबरावरून तुमचं नाव, गाव आणि आधार क्रमांक सांगणारा माणूस हल्ली कोण असतो, हे लहान मुलालाही माहीत आहे.

"नमस्कार. तुमचं पाकीट सापडलंय."

"कोण बोलतंय?"

"तुम्ही मला ओळखत नाही. तुमचं आधार कार्ड आहे माझ्याकडे."

"ओटीपी देणार नाही मी."

"अहो, ओटीपी नको मला. तुमचे पैसे आहेत माझ्याकडे, ते द्यायचेत."

"सगळे आधी देतोच म्हणतात."

"काका, तुम्ही काहीसुद्धा देऊ नका. फक्त या आणि घेऊन जा."

"कुठं यायचं? एकट्यानंच यायचं ना? सगळं माहितीय मला. एकोणीसशे तीसला लावतो आता फोन."

१९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर आहे आणि तो पाठ असल्याबद्दल मालकाचं कौतुकच करायला हवं. अशा वेळी रागावू नये. पाकिटातली एखादी निरुपयोगी गोष्ट सांगावी. पैसे आणि कार्डं चोरालाही माहीत असतात. लेखकाने म्हटलं, "काका, महाराजांच्या फोटोमागचं कॅलेंडर जुनं झालंय." पलीकडे बराच वेळ शांतता पसरली. मग आवाज एकदम खाली आला. "आईनं दिलेलं आहे ते. कुठं येऊ?"

मोबाईल सापडला तर उलट करावं लागतं. तुम्ही फोन लावायचा नाही, यायची वाट बघायची. बंद करू नका, नाहीतर बंद केल्याचा अर्थ सगळे एकच काढतात. मालकाने संचार साथी पोर्टलवरून हँडसेट ब्लॉक करून टाकला तर तुमच्या हातात नुसती काच उरेल, म्हणून फार दिवस घालवू नका. (मालक होण्याची शक्यता असलेल्या सर्वांसाठी : फोन जवळ असतानाच स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून येणारा पंधरा आकडी आयएमईआय नंबर कागदावर लिहून ठेवा. तो कागद पाकिटात ठेवू नका.)

लेखकाला सापडलेला मोबाईल सतरा मिनिटांनी वाजला. पडद्यावर लिहिलं होतं, "आई". उचलल्यावर पलीकडच्या बाईंना मुलाऐवजी परका आवाज ऐकू आला. त्यांनी फोनचं काहीच विचारलं नाही. "तो बरा आहे ना?" एवढंच विचारलं, आणि तेही तीनदा. तेव्हा परक्या फोनवर बोलताना पहिलं वाक्य हे असावं : "काळजी करू नका, फक्त फोन हरवलाय." "हॅलो" नंतर म्हटलं तरी चालतं.

पाठ पाचवा : ठाण्याची पायरी

मालक सापडला नाही, वस्तू मोठी असली किंवा पंच निघून गेले असले, तर पोलीस ठाण्यात जमा करणं उत्तम. रेल्वेत काही सापडलं तर रेल्वे सुरक्षा दलाकडे द्यावं. त्यांचा 'ऑपरेशन अमानत' नावाचा उपक्रमच आहे, आणि १३९ हा नंबर प्रवाशांसाठी आहे. एसटीत सापडलं तर वाहकाकडे द्यावं, म्हणजे ते आगारात जमा होतं. रिक्षात सापडलं तर रिक्षावाल्याकडे द्यावं की नाही, यावर प्रवासी आणि रिक्षावाले यांची मतं वेगळी आहेत. दोघांचंही म्हणणं खरं असतं.

ठाण्यात शिरण्याआधी एक शब्द शिकून घ्या : गहाळ. आपल्याकडे वस्तू चोरीला क्वचितच जातात, बहुतेक गहाळ होतात. त्यासाठी अर्ज असतो, रजिस्टर असतं, दाखला असतो. सगळी व्यवस्था वस्तू जाण्याच्या बाजूने लावलेली आहे. वस्तू येणं हा प्रकार नवा पडतो. लेखकाने आंब्याच्या पेटीचा मालक शोधायच्या प्रयत्नात एका ठाण्यात जाऊन पाहिलं.

"काय गहाळ झालं?"

"काही नाही. सापडलंय."

"तुमचं?"

"नाही."

"मग तुम्ही कशाला आलात?"

प्रश्न वाईट नव्हता. लेखकाला आजतागायत त्याचं नीट उत्तर देता आलेलं नाही. पुढच्या तासाभरात त्याचं नाव, वडिलांचं नाव, धंदा, पत्ता आणि त्या वेळी तो त्या ठिकाणी का होता, हे सगळं लिहून घेतलं गेलं. त्याच्याकडून आधार कार्डाची झेरॉक्स घेतली गेली. (साहित्य पाहा.) शेजारच्या बाकावर खरोखर काहीतरी केलेला एक मुलगा बसला होता. त्याच्याकडे कुणी काही मागत नव्हतं. तो सहानुभूतीने म्हणाला, "काका, पहिलीच वेळ?"

तरीही जावं. मात्र पोच घेतल्याशिवाय उठू नये. काय दिलं, किती दिलं, कधी दिलं, आणि खाली सही. वस्तू मालकाला मिळेपर्यंत तिचा एकमेव पुरावा तुम्ही असता, आणि तुमचा एकमेव पुरावा तो कागद.

पाठ सहावा : खर्च, बक्षीस आणि विक्री

आता रसाचे पैसे. करार कायद्याचं १६८ वं कलम या बाबतीत मोठं मार्मिक आहे. मालक शोधण्यात आणि वस्तू जपण्यात तुम्ही आपखुशीने जो त्रास आणि खर्च सोसलात, त्याच्या भरपाईसाठी मालकावर दावा लावता येत नाही. लष्कराच्या भाकऱ्या भाजायला तुम्हाला लष्कराने बोलावलं नव्हतं. मात्र भरपाई मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवता येते. म्हणजे रसाचे साठ रुपये मागायला तुम्ही कोर्टात जाऊ शकत नाही, पण मालकासमोर पाकीट घट्ट धरून "साठ" असं म्हणू शकता. हा हक्क कायद्याने दिलेला आहे. तो बजावणारा माणूस लेखकाने अजून पाहिलेला नाही. दारात उभ्या राहिलेल्या माणसाचा चेहरा बघून साठ हा आकडा तोंडातून फुटत नाही.

बक्षीस जाहीर झालं असेल तर गोष्ट वेगळी. मग दावाही लावता येतो. पण बक्षिसाची जाहिरात वस्तू सापडण्याआधी वाचलेली असावी, हे कानपूरच्या लालमन शुक्लांना फार उशिरा कळलं. त्यांच्या मालकांचा, गौरी दत्त यांचा, पुतण्या घरातून निघून गेला. मालकांनी शुक्लांना हरिद्वारकडे शोधायला पाठवलं. शुक्लांच्या पाठीमागे मालकांनी पत्रकं छापली : मुलगा शोधून देणाऱ्यास ५०१ रुपये. शुक्लांनी मुलगा शोधून आणला, पण पत्रक त्यांनी पाहिलेलं नव्हतं. नंतर कळल्यावर त्यांनी दावा लावला. १९१३ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने सांगितलं, की देकार माहीतच नव्हता तर तो स्वीकारला कसा? करार झालाच नाही. गेली शंभर वर्षं वकिलीच्या पहिल्या वर्गात ही गोष्ट शिकवतात. मुलगा घरी आला, पत्रक खरं होतं, कष्ट खरे होते, फक्त शुक्लांनी ते पैशासाठी केले नव्हते, आणि नेमकं तेच आडवं आलं.

विक्रीची परवानगी १६९ व्या कलमात आहे. पुरेसा प्रयत्न करूनही मालक सापडला नाही, किंवा सापडूनही त्याने वाजवी खर्च द्यायला नकार दिला, तर बाजारात विकली जाणारी वस्तू विकता येते. त्यालाही अट आहे. एक तर वस्तू नासायला आली पाहिजे किंवा तिची बरीचशी किंमत बुडायला आली पाहिजे, नाहीतर तुमचा वाजवी खर्च तिच्या किमतीच्या दोन तृतीयांशाइतका झाला पाहिजे. लेखकाची आंब्याची पेटी पहिल्या प्रकारात मोडत होती. मे महिना, पाडाला आलेला हापूस, दुसऱ्या दिवशी घरभर वास. कलम बारकाईने वाचल्यावर लक्षात आलं की त्यात विकण्याची परवानगी आहे, खाण्याची नाही. घरात या निकालाविरुद्ध अपील झालं. मालक तिसऱ्या दिवशी मिळाला. एक डझन नासले होते, दोन आंब्यांचा हिशेब लागत नाही. या मालकाशी लेखकाचं आता बोलणं नाही.

*माहीत आहे का तुम्हांला?* परसात खणताना मोहरांचा हंडा लागला तर हे सगळे पाठ गैरलागू आहेत. त्याला १८७८ चा वेगळा निखात निधीचा कायदा आहे. जमिनीत पुरलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. खरा मालक निघालाच नाही आणि तुमचा वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जागेच्या मालकाला, अशी वाटणी ठरलेली आहे. रस्त्यातल्या पाकिटात मात्र तुमचा वाटा शून्य. म्हणून सापडायचंच असेल तर जमिनीखाली सापडलेलं बरं.

पाठ सातवा : प्रत्यक्ष सुपूर्द करणे

हा पाठ सर्वांत अवघड आहे, कारण यात मालक उपस्थित असतो.

आमचे मालक संध्याकाळी आले, सोबत मेहुण्याला घेऊन. मेहुणा दारातच थांबला, जिन्याकडे पाठ करून. काकांनी पाकीट घेतलं, आधी महाराजांचा फोटो काढून कपाळाला लावला आणि मग तिथेच सोफ्यावर बसून पैसे मोजले. बोटाला थुंकी लावून, दोनदा. "तेराशे चाळीस," ते म्हणाले. आवाजात थोडं आश्चर्य होतं. मग मेहुण्याकडे बघून म्हणाले, "पंधराशे असावेत, नाही का रे?"

मेहुणा म्हणाला, "असतील."

लेखकाने पंचांची नावं सांगितली, रसवंतिगृहाचा पत्ता सांगितला. काका म्हणाले, "अहो, तुमच्यावर कुठं म्हणतोय मी? मिळाले तेच खूप झाले." या वाक्याने लेखक निर्दोष सुटला, पण पुराव्याअभावी. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं, ही म्हण ज्याने केली त्याने आयुष्यात एकदा तरी पाकीट परत केलेलं असणार.

नवशिक्यांनी इथे खचून जाऊ नये. खूप जणांना यापेक्षा वाईट गोष्टीला तोंड द्यावं लागतं. तिला सत्कार म्हणतात. सोन्याचे दागिने असलेली बॅग परत केल्यावर दुसऱ्या दिवशी स्थानिक पुरवणीत फोटो येतो. मधोमध बॅग, एका बाजूला मालक, दुसऱ्या बाजूला शाल पांघरलेला आणि नारळ धरलेला तुम्ही, भोवती ज्यांचा बॅगेशी काही संबंध नाही असे नऊ जण, आणि सगळे बॅगेकडे बघत असलेले. खाली मजकूर : 'प्रामाणिकपणा अजून जिवंत असल्याचा प्रत्यय.' हे वाचलं की आपण एखाद्या आटलेल्या विहिरीतून बाहेर काढलेलं कासव आहोत, असं वाटायला लागतं. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी जपानमध्ये हे रोज कसं घडतं याचा व्हिडिओ टाकतं. कुणीतरी विचारतं, "पण बॅगेत होतं किती?" रक्कम कळल्यावर तिसरा हळहळतो. कुणासाठी, ते लिहीत नाही.

तेव्हा पद्धत अशी : दारात द्या, मालकासमोर मोजायला तुम्हीच सांगा, तो "छे छे" म्हणाला तरी मोजायला लावा, पोच घ्या, चहाला थांबू नका. थांबलात तर आभारांची वाट बघाल. बाई टाळ्या वाजवायला सांगतील अशी आशा मनात कुठेतरी असतेच. ती जिन्यातच ठेवून वर जावं आणि उतरताना उचलावी. तिथून ती कुणी नेत नाही.

स्वाध्याय

*प्र. १. कंसातील योग्य पर्याय निवडून रिकामी जागा भरा.*
सापडलेल्या पाकिटातले पैसे मालकाच्या आठवणीपेक्षा ______ असतात. (कमी / कमीच / फारच कमी)

*प्र. २. चूक की बरोबर ते सांगा.*
(अ) उचलताना मन स्वच्छ होतं, एवढं पुरे.
(आ) सापडलेला आंबा चाखून पाहिल्याशिवाय तो नासला आहे की नाही हे कळत नाही.

*प्र. ३. कारणे द्या.*
पाकीट परत करणारी माणसं भेटतात, छत्री परत करणारा मात्र अजून कुणालाही भेटलेला नाही.

*प्र. ४. पुढील उतारा वाचा आणि खालील प्रश्नांची उत्तरे लिहा.*

गेल्या पावसाळ्यात लेखकाचं स्वतःचं पाकीट स्कूटरवरून येताना पडलं. सकाळीच किराणा भरून झाला होता, त्यामुळे आत किती उरले ते लेखकाला नक्की ठाऊक होतं : आठशे साठ. संध्याकाळी पाऊस थांबल्यावर दारावर पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा आला. खाली सायकल लावलेली होती. पाकीट त्याने दुधाच्या रिकाम्या पिशवीत घालून आणलं होतं. तो म्हणाला, "काका, पाकीट उघडं पडलं होतं, नोटा रस्त्यावर उडाल्या होत्या. गाड्या जात होत्या मधून. दिसल्या तेवढ्या सगळ्या गोळा केल्यात. एकदा बघून घ्या ना." लेखक म्हणाला, "अरे, बघायचं काय त्यात! बस, पाणी आणतो." लेखक आत गेला. ओट्याशी उभं राहून, बोटाला थुंकी लावून, त्याने दोनदा मोजले. आठशे ऐंशी भरले. सगळ्या नोटा ओल्या होत्या, चिखलाचे डाग पडलेल्या होत्या. एक वीसची नोट तेवढी कोरडी होती आणि तिच्या अगदी बारीक, आठ घड्या घातलेल्या होत्या. लेखकाच्या घरात नोटेला कुणी घडी घालत नाही. तो पाण्याचा पेला घेऊन बाहेर आला तेव्हा मुलगा निघून गेला होता. "क्लासला उशीर होतोय म्हणाला," बायकोने सांगितलं. मग तिने विचारलं, "नाव विचारलंत का त्याचं?"

(अ) पाणी आणायला लेखकाला किती वेळ लागला?

(आ) पैसे कमी भरतील असं त्या मुलाला का वाटलं असावं? पाठ सातव्याच्या आधारे लिहा.

(इ) लेखकाला सापडलेल्या वीस रुपयांना हमरस्त्यावरच्या एक रुपयाची गोष्ट लागू होते, की पुढच्या दोन गोष्टी?

(ई) ती नोट घड्या न मोडता लेखकाच्या पाकिटात वेगळ्या कप्प्यात ठेवलेली आहे. सायकलवाल्या मुलांचे क्लास सुटतात त्या वेळी लेखक दोन आठवडे चौकात उभा राहून आला आहे. लोक त्याच्याकडे बघायला लागल्यामुळे त्याने ते थांबवलं. मुलाचं नाव-गाव कुणाला माहीत असल्यास कळवावं. नोट कुठल्या खुणेवरून ओळखायची, ते वर चुकून सांगून झालं आहे, त्यामुळे दुसरा खरा प्रश्न विचारला जाईल. या प्रश्नाला गुण नाहीत, वीस रुपये आहेत.